पट्ट्यासाठी लेथ भंगारात काढू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जून-जुलैमधील मासेमारी बंदी हा किनाऱ्यावरच्या आम्हा लेथवाल्यांचा, म्हणजे धातू फिरवून कातणाऱ्या यंत्रावर काम करणाऱ्यांचा, खरा हंगाम. होड्या वर ओढल्या की पंख्याचे शाफ्ट आणि ते ज्यात फिरतात ते गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश दुरुस्तीला येऊ लागतात, आणि नेमक्या त्याच दमट दिवसांत जुन्या लेथला मोटारीची गती देणारा चामडी पट्टा ओलावा धरून सैल पडतो, घसरतो, एखाद्या सकाळी सांध्यात तुटतो. गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीत एवढ्याच कारणासाठी एक धडधाकट लेथ भंगारवाल्याच्या टेम्पोत चढताना मी पाहिला. फार वाईट वाटले.

सपाट पट्टा मिळत नाही, हा गैरसमज आहे. कापड-रबराचा किंवा नायलॉनच्या गाभ्याचा पट्टा आजही मापाने कापून मिळतो. बिनसांध्याचा अखंड पट्टा चढवायला स्पिंडल, म्हणजे कातायची वस्तू फिरवणारा मुख्य दांडा, काढावा लागतो; पण अखंड पट्टाच हवा असा हट्ट धरून स्पिंडल उपसण्याचे तर कारणच नाही. माझ्या लेथचे स्पिंडल एका कारागिराने असेच उपसले, आणि बेअरिंग पुन्हा नीट जुळवून घेईपर्यंत जॉबवर, म्हणजे कातायच्या वस्तूवर, लाटा उमटत राहिल्या. पट्टा पुल्यांवरून, म्हणजे तो ज्यांवर फिरतो त्या चाकांवरून, ओवून जागेवरच जोडता येतो.

मात्र आधी मोटारीचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. पट्ट्याची दोन्ही टोके गुण्या लावून काटकोनात कापावीत, कारण काप जरासा तिरका गेला तरी पट्टा पुलीच्या कडेकडे सरकू लागतो. तारेच्या हुकांचा सांधा झटपट होतो, पण पुलीवरून जाताना दर वेळी टक् वाजतो आणि शेवटच्या बारीक कटात त्याची खूण जॉबवर उमटू शकते. म्हणून टोके तासून चिकटवलेला सांधा मला अधिक पसंत आहे. चामडी पट्ट्याची गुळगुळीत बाजू पुलीकडे ठेवावी. पुष्कळ जण नेमके उलटे करतात. जोराच्या कटाला पट्टा थोडा घसरला तर तो दोष समजू नये, कारण हत्यार जॉबमध्ये रुतले तर त्या घसरण्यानेच गिअरचे दात वाचतात.

हे काम मला माझ्या वस्तादांनी हाताला धरून शिकवले. आज टर्नरचा कोर्स करून येणाऱ्या मुलांनी असा पट्टा पाहिलेलाही नसतो. कोकणातील आयटीआयमध्ये जुन्या लेथवर पट्टा जोडण्याचे किमान एक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे, ही मागणी आपल्या दैनिकाने संबंधितांपर्यंत पोहोचवावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक टर्नर, रत्नागिरी