उचल पोळ्याला, योजना संक्रांतीला

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न.

धारूर तालुक्यात मी २९ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली. दसरा झाला की पोरं आईबापांसंगं ऊसतोडीला निघायची आणि वर्ग रिकामे व्हायला लागायचे. एका सालची गोष्ट. चौथीतली एक पोरगी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दप्तर घेऊन बसलेली दिसली. बरं वाटलं. जवळ गेलो तर दप्तरात तान्ह्या भावाची झबली. पुस्तकं आजीकडं ठेवली होती. "उसात भिजतेत, गुरुजी."

अशा पोरांना आईबाप गेले तरी गावातच राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. पण एका वर्षी मंजुरीचं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

माझं म्हणणं मात्र त्याच्याही आधीचं आहे. गाव सोडायचं दिवाळीत ठरत नाही. ते पोळा-गणपतीच्या सुमारास, मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घरात येते तेव्हाच ठरलेलं असतं. तेव्हा खुरपणी संपलेली, सोयाबीन-कापूस अजून रानात आणि दुकानदाराची वही भरलेली. उचल घेतली की नवरा-बायको मिळून मजुरीच्या हिशेबात एक 'कोयता' होतात. माणसाला कोयता म्हणायचं आता आम्हालाही खटकत नाही! बाई आजारी पडून फडात गेली नाही की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, तो पैसा उचलीवर चढतो. २०१९ साली बीडमधल्या गर्भाशय काढलेल्या बायकांची चौकशी सरकारलाच करावी लागली. ती करताना पाळीच्या दिवसांत पडणाऱ्या या खाड्याकडं पाहिल्याशिवाय भागत नव्हतं.

तेव्हा पैसा भाद्रपद-आश्विनात गावात यायला हवा. रोजगार हमीची कामं त्या दिवसांत काढा आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला द्या. दुसरं, आमचं सीताफळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि बालाघाटाच्या डोंगरात ते नेमकं मुकादमाच्या गाड्या लागायच्या दिवसांत पिकतं. पण तोडलेलं फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. त्यामुळं पाट्या घेऊन आलेल्या बायका ऊन कलायला लागलं की व्यापारी म्हणेल त्या भावात माल देऊन उठतात. गर काढून गोठवून ठेवला तर तो वर्षभर विकता येतो. तालुक्याला गर काढायचं एक केंद्र आणि शीतगृह उभारा, ते बचतगटांच्या हाती द्या.

सीताफळावर ऊसतोड थांबेल, एवढा मी भाबडा नाही. पण उचल थोडी कमी घेऊन भागलं, तर एखाद्या घरातला गडी एकटा जाईल, बाई पोरांपाशी राहील. जे जातीलच, त्यांची नावं कारखान्यानं स्वतःच्या दप्तरी नोंदवावीत. आज कारखाना मुकादमाला ओळखतो, मुकादम कोयत्याला. अपघात झाला की मजूर कुणाचाच नसतो.

आणि वसतिगृहाचं पत्र यंदा पोळ्याआधी काढा. निधी मागून आला तरी चालेल. पत्र हातात असलं की मास्तर आणि आज्या मिळून पोरं थांबवून धरतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. धारूर, जि. बीड