ऑनलाइन बी.कॉम.ला कामाच्या नोंदवहीची जोड द्यावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत ऑनलाइन पदव्यांविषयी गेले काही दिवस जी मतमतांतरे प्रसिद्ध होत आहेत, त्यांत बहुतेकांचा सूर ‘घरी बसून मिळवलेल्या पदवीला किंमत ती काय’ असा आहे. मी गेली सत्तावीस वर्षे नागपुरात करसल्लागार म्हणून काम करतो. इतवारीतील माझ्या लहानशा कार्यालयात चार सहायक आहेत आणि त्यांपैकी दोघे नोकरी सांभाळून लेखांकन व करआकारणी हे विषय घेऊन ऑनलाइन बी.कॉम. करीत आहेत. या शिक्षणाची किंमत आणि त्यातली उणीव या दोन्ही गोष्टी मी रोज टेबलापलीकडे पाहत असल्यामुळे हा पत्रप्रपंच.

प्रथम कायद्याची बाजू, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २०२० साली आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने स्पष्ट केले की मान्यताप्राप्त विद्यापीठाची या पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल. वाणिज्य पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येतो; पुरेसे गुण असल्यास सीएची फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला नाव घालता येते. तेव्हा ‘कागदाला किंमत नाही’ हे म्हणणे मुळातच चुकीचे आहे. शिवाय ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि त्याच्या पुस्तिका वाचून पदवीधर झालेले कितीतरी कारकून, दुकानदार आणि गृहिणी विदर्भातल्या तालुक्या-तालुक्यांत सापडतील. मी स्वतः एम.कॉम. बहिःस्थ विद्यार्थी म्हणून केले आणि त्या काळी जुन्या गाइडांवर काढलेल्या रात्रींच्या तुलनेत आजच्या मुलांना मिळणारी ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने मला चैनीची वाटतात, हे कबूल करतो.

आता उणिवेकडे येतो. माझ्याकडची एक सहायक कन्हानहून रोज बसने येते आणि जाता-येता कानात इअरफोन घालून व्याख्याने ऐकते. मुलगी हुशार आहे. गेल्या सत्रात ‘पुरवठ्याचे स्थान’ (विक्री कायद्याने कुठल्या राज्यात झाली असे धरायचे) या प्रकरणावरच्या चाचणीत तिला दहापैकी दहा गुण मिळाले होते आणि ते तिने मला मोबाइलवर उघडून दाखवलेही होते. त्यानंतर आठवड्याभरातच लोहाओळीतील एका लोखंड व्यापाऱ्याचे बिल तिच्या हाती आले. माल होता चार लाखांचा. खरेदीदार रायपूरचा कंत्राटदार, त्याची नोंदणी छत्तीसगडमधली. पण त्याने काम नागपूरजवळच्या हिंगण्यातील एका उपकंत्राटदाराला दिलेले असल्याने, त्याच्या सांगण्यावरून सळाखी इथल्याच वाडी गावच्या गोदामातून थेट त्या उपकंत्राटदाराकडे उतरल्या. तिने बिलावर नऊ टक्के केंद्रीय आणि नऊ टक्के राज्य जीएसटी लावला आणि विवरणपत्र भरून टाकले. पुढच्या महिन्यात रायपूरहून फोन आला की त्यांच्या ‘टूबी’मध्ये, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट (क्रेडिट) दाखवणाऱ्या जीएसटीच्या तक्त्यात, हे बिल ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या रकान्यात जाऊन बसले आहे आणि ते मोकळे होईपर्यंत बहात्तर हजार रुपये रोखून धरले आहेत.

ती मला म्हणाली, “सर, माल तर महाराष्ट्राच्या बाहेर गेलाच नाही. मग आयजीएसटी कशाला?” प्रश्न अगदी रास्त होता, कारण आयजीएसटी म्हणजे एकात्मिक जीएसटी हा दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर. मी तिला तिचेच प्रकरण उघडायला लावले. एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम १०(१)(ब) प्रमाणे, तिसऱ्या माणसाच्या सांगण्यावरून माल दुसरीकडे उतरवला, तर तो त्या तिसऱ्या माणसालाच मिळाला असे कायदा धरतो आणि त्याच्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण हेच पुरवठ्याचे स्थान ठरते. सळाखी हिंगण्यात पडल्या होत्या, पण कायद्याच्या नजरेत त्या रायपूरला पोचल्या होत्या. हे कलम तिला तोंडपाठ होते! चाचणीत नेमका यावरचाच प्रश्न तिने बरोबर सोडवला होता. मात्र चाचणीतल्या प्रश्नात ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ होते, तर समोरच्या बिलावर वाडी, हिंगणा आणि रायपूर होते, आणि त्यातला ‘क’ कोण हे तिला ओळखता आले नाही. मग पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, दुरुस्ती करा, बहात्तर हजारांचा आयजीएसटी नव्याने भरा, चुकीच्या शीर्षाखाली भरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज करा, हे सारे ओघाने आलेच. अशा प्रसंगी व्याज लागत नाही एवढेच काय ते समाधान. त्या व्यापाऱ्याची माझ्यावरची नाराजी मात्र अजून पुरती गेलेली नाही.

ही चूक मी त्या मुलीच्या माथी मारत नाही आणि ऑनलाइन पद्धतीच्याही मारत नाही. वर्गात बसून शिकलेले पदवीधर माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांची अवस्था याहून वेगळी नसते. बारावीला पुस्तपालन व लेखाकर्मात नव्वदच्या पुढे गुण मिळवलेला मुलगा तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या जमा-नावे बाकींचा मेळ, जुळली नाही की निलंबित (तात्पुरत्या) खात्यात फरक टाकून मोकळा होतो, कारण पुस्तकात तसे करायला शिकवलेले असते; बँकेच्या पासबुकाशी एकेक नोंद ताडून फरक कुठे आहे ते शोधायचे असते, हे त्याला कुणी समोर बसवून दाखवलेले नसते. फरक इतकाच, की वर्गातला विद्यार्थी निदान शहरात असतो, मित्राच्या ओळखीने कुणाच्या तरी कार्यालयात सुट्टीत जाऊन बसतो. नरखेड किंवा भिवापूरहून मोबाइलवर पदवी घेणाऱ्या मुलाला ती वाटही नसते. त्याने सहा सत्रांत एकही खरे बिल हाताळलेले नसते, आणि विद्यापीठाने कधी ते हाताळायला सांगितलेलेही नसते.

हिशेब आणि कर हे विषय हाताने शिकायचे आहेत, हे शासनालाही ठाऊक आहे. आपल्याच शहरात छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन भारतीय महसूल सेवेत आलेल्या, म्हणजे देशातल्या अत्यंत कठीण चाळणीतून गेलेल्या अधिकाऱ्यांनाही तिथे वर्षाहून अधिक काळ निवासी ठेवून प्रशिक्षण दिले जाते. सीएच्या मुलाला दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, चुकत नाही. मग त्या अधिकाऱ्याने काढलेल्या नोटिशीला उत्तराचा मसुदा ज्या बी.कॉम. सहायकाने तयार करायचा, त्याच्यासाठी केवळ ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने पुरेशी आहेत असे कुठल्या हिशेबाने ठरवले गेले?

दुसरी अडचण कायदा बदलण्याच्या वेगाची आहे. आयकर अधिनियम २०२५ हा १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. आठशेहून अधिक कलमांच्या जागी ५३६ कलमे आली, ‘पूर्ववर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ ही दोन पिढ्यांना छळलेली जोडी जाऊन ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आला. आमच्या कार्यालयांत “194सी कापला का” (म्हणजे कंत्राटदाराच्या रकमेतून टीडीएस कापला का) असे विचारले जायचे. आता वेतनाखेरीजच्या बहुतेक टीडीएसच्या तरतुदी एका कलम ३९३ च्या तक्त्यांत एकत्र आल्या आहेत आणि माझ्यासारख्यांची जीभ अजून जुन्याच आकड्यांकडे वळते. गंमत अशी की २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र जुन्याच कायद्याखाली भरायचे आहे, म्हणजे विद्यार्थ्याला काही काळ दोन्ही कायदे यायला हवेत. जीएसटीचेही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे मुख्य टप्पे गेले, तरी माझ्या दुसऱ्या सहायकाला त्यानंतर कित्येक महिने जी चलचित्रे दाखवली जात होती, त्यांत प्राध्यापक फळ्यावर पाच, बारा, अठरा, अठ्ठावीस असे चार आकडे मोठ्या अक्षरांत लिहीत होते. छापील पुस्तक जुने झाले की त्याची पाने पिवळी पडतात आणि वाचणारा सावध तरी होतो. चलचित्र मात्र कालच केल्यासारखे ताजेतवाने दिसते. ऑनलाइन माध्यमाचा सर्वांत मोठा फायदा तत्काळ दुरुस्तीचा, आणि विद्यापीठे नेमकी तीच सवलत वापरत नाहीत, याचे मला नवल वाटते.

मध्यस्थांविषयी थोडेच लिहितो. माझ्या ओळखीतल्या एका तरुणाकडून शहरातल्याच एका सल्ला केंद्राने प्रवेशाच्या नावाखाली पहिल्या वर्षाचे शुल्क घेतले आणि पुढे कळले की ज्या अभ्यासक्रमात प्रवेश सांगितला होता त्याला त्या वर्षी मान्यताच नव्हती. पैसे परत मिळण्यासाठी त्याने किती चपला झिजवल्या ते मी पाहिले आहे. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे आणि अभ्यासक्रमाचे नाव सत्रागणिक पाहता येते, विद्यार्थ्याला प्रवेशासाठी लागणारा स्वतःचा डीईबी (दूरशिक्षण विभागाचा) क्रमांकही तिथेच काढावा लागतो, आणि ऑनलाइन पदवी दुसऱ्या संस्थेमार्फत फ्रँचायझी पद्धतीने चालवण्यास आयोगाची मनाई आहे. शुल्क विद्यापीठाच्याच खात्यात भरावे आणि नाव त्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पालकांनी एवढे केले तरी बरेच निभावेल.

माझी मुख्य सूचना मात्र विद्यापीठांसाठी आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमांत अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के गुण ठेवता येतात आणि ते बहुतेक ठिकाणी बहुपर्यायी प्रश्नांच्या चाचण्यांवर खर्ची पडतात. यांतले निम्मे गुण कामाच्या नोंदवहीला द्यावेत. विद्यार्थ्याने आपल्या गावातल्या करसल्लागाराकडे, सीएकडे, सहकारी पतसंस्थेत किंवा एखाद्या मोठ्या दुकानाच्या गादीवर सत्रात निदान साठ तास बसावे. विक्रीची बिले नोंदवणे, टूबीशी खरेदी ताडणे, बँकेचा मेळ घालणे, टीडीएस भरणे, एका साध्या पगारदाराचे विवरणपत्र तयार करणे अशी ठरावीक कामे करावीत. आणि प्रत्येक कामाची नोंद, त्यात झालेल्या चुकीसकट, वहीत लिहून ज्याच्या हाताखाली काम केले त्याची सही घ्यावी. ‘चुकीसकट’ हा शब्द मी मुद्दाम घालतो. ग्राहकाचे नाव, पॅन किंवा रकमा लिहिण्याची गरज नाही. काय अडले आणि कसे सुटले एवढे पुरे. पदवी देणारे विद्यापीठ बंगळुरूचे असो की जयपूरचे, यासाठी त्याला नागपुरात इमारत बांधावी लागत नाही.

यावर खोट्या सह्यांचा आक्षेप येईल, हे मला कळते. सह्या खोट्या होतीलच; पदवीच्या नियमित अभ्यासक्रमातल्या प्रकल्पवह्यांचे बाजारात काय होते ते आपण सारे जाणतो. म्हणून शेवटी दहा मिनिटांची तोंडी परीक्षा कॅमेऱ्यासमोर घ्यावी आणि ती फक्त त्या वहीवरच घ्यावी. ज्याने बिल खरोखर हाताळले आहे, तो रायपूरच्या कंत्राटदाराची गोष्ट सांगू शकतो. ज्याने हाताळलेले नाही, तो दुसऱ्या प्रश्नालाच गप्प होतो.

परीक्षेच्या तारखांबद्दलही विनंती आहे. या पदव्या घेणारे बरेच विद्यार्थी माझ्या सहायकांसारखे हिशेबाच्याच नोकरीत आहेत. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी (कर भरण्याचे मासिक विवरणपत्र), आणि डिसेंबरअखेर जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र. अशा वेळी २० डिसेंबरच्या दुपारी दोनची परीक्षेची वेळ मिळालेल्या मुलीला मी रजा देतो, पण मग ३बी रात्री अकरापर्यंत मीच भरत बसतो. करआकारणीची परीक्षा घेणाऱ्यांनी कराचे दिनदर्शक उघडून पाहावे, ही अपेक्षा फार मोठी नसावी.

आता आम्हा व्यावसायिकांच्या जबाबदारीविषयी. सहायक कच्चे येतात म्हणून आम्ही कुरकुरतो, पण शिकाऊ मुलाला टेबलाशी बसू द्यायला आमच्यातले बरेचजण नाखूश असतात. ग्राहक फुटेल ही भीती त्यामागे असते. सत्तावीस वर्षांत माझा एकही ग्राहक शिकाऊ मुलाने फोडलेला नाही. जे गेले ते माझ्याच विलंबामुळे गेले. म्हणून सुरुवात स्वतःपासून करतो. माझ्या कार्यालयात सकाळी अकरा ते दुपारी दोन दोन खुर्च्या आणि एक संगणक रिकामा असतो. मान्यताप्राप्त विद्यापीठातून ऑनलाइन बी.कॉम. करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना तिथे विनामूल्य बसता येईल. येण्याजाण्याचे बसभाडे मी देईन. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. इच्छुकांनी कृपया महिन्याच्या २० तारखेनंतर यावे, आणि येताना स्वतःच्या घरचे विजेचे बिल व बँकेचे पासबुक आणावे. पहिल्या दिवशी त्यावरूनच घरची कीर्द लिहायची आहे.

आपला नम्र,
एक करसल्लागार,
इतवारी, नागपूर