रस्त्याकडेचं विमान आणि आपले तळपदे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या न्यूझीलंडात ख्राइस्टचर्चला असतो, आपला पेपर रोज ऑनलाइन वाचतो. आमच्या फॅमिली ग्रुपवर शिवकर बापूजी तळपद्यांचा तो फॉरवर्ड अधूनमधून येतोच, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं म्हणून, आणि मग काका-मामांची वादावादी. मागच्या शनिवारी बाइकवरून वायटोहीला जाऊन आलो आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय.

वायटोही म्हणजे गाव असं नाहीच, नुसती शेतं आणि मेंढ्या. ख्राइस्टचर्चहून दक्षिणेला दीडशेक किलोमीटरवर तेमुका, तिथून आत वळायचं. वारा आडवा येतो, बाइक कलती धरूनच चालवावी लागते, राकाया नदीचा पूल तर पावणेदोन किलोमीटरचा, तो संपेपर्यंत माझे हात भरून आले. आणि मग शेतांमधल्या त्या सुनसान रस्त्याच्या कडेला एकदम दिसतं, खांबावर बसवलेलं विमान. रिचर्ड पिअर्सच्या विमानाची प्रतिकृती. मी हेल्मेट काढून बराच वेळ बघत उभा राहिलो, तेवढ्यात एकही गाडी गेली नाही.

पिअर्स इथलाच शेतकरी, जन्म १८७७ चा. बांबू, लोखंडी नळ्या आणि कापड, एवढ्यावर विमान, आणि दोन सिलिंडरचं इंजिनसुद्धा घरीच बनवलेलं! शेजारीपाजारी वेडा म्हणायचे. लोकांच्या आठवणीप्रमाणे ३१ मार्च १९०३ ला, म्हणजे राइट बंधूंच्या साडेआठ महिने आधी, ते उचललं गेलं आणि जाऊन काटेरी कुंपणावर आदळलं. पण या आठवणी गोळा झाल्या कित्येक वर्षांनी, त्यामुळे तारखेवरून अजून वाद आहे.

मला भिडलं ते वेगळंच. या माणसाने स्वतः पेपरला पत्रं लिहिली, १९१५ आणि १९२८ साली, आत्ता मी तुम्हाला लिहितोय तशीच. त्यात सरळ सांगितलंय की विमानाचा शोध कुणा एकाचा नाही पण पहिला मान राइट बंधूंचाच, आणि माझं पहिलं विमान ताशी वीस मैलांना जमीन सोडायचं पण तेवढ्या वेगात सुकाणू चालत नव्हतं त्यामुळे लगेच गरकन फिरायचं, म्हणून मी त्यातून खरा असा उडालोच नाही. १९५३ साली तो ख्राइस्टचर्चच्या मनोरुग्णालयात वारला. तरीही लोकांनी त्याच्या रानात विमान उभं केलं, टिमारूच्या विमानतळाला त्याचं नाव दिलं. पहिला होता की नव्हता यावर काही अडलं नाही.

तळपद्यांचं आपण असं का करत नाही? त्या काळच्या मुंबईत एका मराठी माणसाने विमानाचा ध्यास घेतला एवढंच मला खूप मोठं वाटतं, त्याला फॉरवर्डमधल्या उंचीचे आकडे जोडायची गरजच नाही. चौपाटीवर एक साधा फलक लावा, त्यावर सिद्ध झालेलं तेवढंच लिहा, आणि जे लोक सांगतात ते ‘लोक सांगतात’ असं लिहा.

आणि एक विनंती. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी, कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत, १८९५ च्या पेपरचं त्या प्रयोगाबद्दलचं खरं कात्रण असेल, तर त्याचा तारखेसकट फोटो कृपया छापा. मी इतकी वर्षं शोधतोय.

आपला,
एक वाचक, ख्राइस्टचर्च