किनाऱ्यावर धावून आलेल्यांना

समुद्रकाठच्या त्या छोट्याशा हॉटेलात आम्ही दोघं चार दिवस राहिलो. खोली साधीच, पण खिडकी उघडली की समोर पाणी. आम्हाला आणखी काही नकोच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि बघता बघता आत ओढले गेले. तेवढ्या पट्ट्यात लाटा फुटत नव्हत्या, पाणी शांत दिसत होतं, म्हणूनच ती जागा निवडली होती. किनाऱ्यावर आलेलं पाणी अशाच अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्रात परत जातं, हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक! हे जिवाच्या आकांताने सरळ किनाऱ्याकडे हात मारत होते आणि आणखीच लांब जात होते.

हॉटेलचा व्हरांडा झाडणाऱ्या दादांनी ते पाहिलं. झाडू तिथेच टाकून धावत आले. "सरळ येऊ नका! आडवे पोहा, किनाऱ्याला समांतर!" घसा बसेपर्यंत ओरडत राहिले. दोन तरुण मुलांनी दोर बांधलेली ट्यूब फेकली. त्या ओढीतून बाजूला होताच लाटांनीच ह्यांना अलीकडे आणलं.

धुलाईच्या कामातून आलेल्या एका ताईंनी ह्यांना कोरडी चादर पांघरली आणि माझी थरथर थांबेपर्यंत माझा हात सोडला नाही. त्यांच्या ओल्या हातांचा साबणाचा वास अजून आठवतो.

गडबडीत तुमची नावं विचारायची राहूनच गेली. दादा, ताई, मुलांनो, तुमचे मनापासून आभार. हे आत्ता माझ्या शेजारी पेपर वाचत बसलेत.