'गुरुजी, दसऱ्यापर्यंत पायऱ्या होतात' : परंड्याच्या किल्ल्याबद्दल मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याचा. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. हे पत्र नातू टाइप करतोय, कारण माझं डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. एका हाताने टाइप करत बसलो तर पत्र पुरं होईपर्यंत आपला कार्यकाळ संपायचा.

गेल्या रविवारी पुण्याच्या पाहुण्यांना किल्ला दाखवायला नेलं होतं. बुरुजावर जाणाऱ्या जिन्याची एक पायरी दोन वर्षांपासून हलते. या खेपेला ती माझ्या पायाखालून निघूनच गेली. वय अडुसष्ट. घाणेरीच्या जाळीत पडलो म्हणून डोकं वाचलं. तेव्हा ती झुडपं आपल्या पुरातत्त्व खात्याने आजवर काढली नाहीत, याबद्दल आधी आभार.

पुढचं थोडक्यात सांगतो म्हणतो, पण सांगवत नाही. जवळच्या दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र होतं, चालवणारा रजेवर होता. मग पंचविसेक किलोमीटर बार्शी, वडापच्या जीपमध्ये, मांडीवर हात धरून. खर्च आजवर 7,400 रुपये. पायजम्याची नाडी सौ.ला बांधावी लागते. ही काही मंत्र्यांना लिहायची गोष्ट नव्हे, पण आपल्या छापील तक्रार अर्जात यासाठी रकाना नाही. रोज नाडी बांधताना ती एकच विचारते, "त्या दगडांनी तुम्हाला काय दिलं?"

दोन वर्षांमागे आपल्या खात्याचे एक साहेब आले होते. आमच्याकडे दोनदा चहा घेतला, टेप लावून मोजमाप केलं, फोटो काढले आणि म्हणाले, "गुरुजी, दसऱ्यापर्यंत पायऱ्या होतात." कोणता दसरा, हे विचारायचं राहिलं. त्यानंतर माझे अकरा अर्ज गेले. उत्तर एकाचं आलं, 'आपला अर्ज योग्य त्या कार्यालयाकडे पाठवला आहे'. ते योग्य कार्यालय मी अजून शोधतोय.

साहेब, हा किल्ला बहमनी वजीर महमूद गवानने बांधला असं सांगतात. त्या गवानला 1481 साली सुलतानाने ठार केलं, ते एका बनावट पत्रावरून. खोट्या पत्राने त्या काळी वजिराचं डोकं उडालं, माझ्या अकरा खऱ्या पत्रांनी आपला एक कारकून जागचा हलला नाही.

बहमनी राज्य फुटलं आणि परंडा सरहद्दीवर आला. इकडे निजामशाही, तिकडे आदिलशाही, मध्ये सोलापूरच्या साडेपाच परगण्यांचं भांडण. 1600 साली अहमदनगर मोगलांनी घेतलं तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि निजामशाहीचा कारभार परंड्यातून चालला. आज ज्या गावात रेल्वे नाही, ते काही काळ राजधानीचं गाव होतं! पुढे परंडा आदिलशाहीकडे गेला. 1634 साली मोगल बादशहा शाहजहानचा मुलगा शुजा आणि महाबतखान तोफा घेऊन आले आणि हात हलवत परत गेले. 1657 च्या तहात आदिलशहाने परंडा मोगलांना द्यायचं कबूल केलं, पण दिला नाही. (आश्वासनाची पद्धत जुनीच म्हणायची.) शेवटी 1660 साली मोगलांनी किल्लेदार गालिबला पैसे चारले आणि दरवाजा उघडला. सव्वीस बुरूज आणि भोवती खंदक, तोफांना जे जमलं नाही ते थैलीने केलं. इथे मी पुढे काही लिहीत नाही, निविदा काढणारे समजून घेतील.

विजापूरची मुलूखमैदान तोफ सगळ्यांना माहीत असते. ती परंड्याची. 1549 साली अहमदनगरला ओतली, वजन पंचावन्न टन (कुणी पन्नास म्हणतं, आपण मोजून घ्या), 1632 साली आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती परंड्याहून विजापूरला नेली. चारशे बैल आणि दहा हत्ती लागले म्हणतात. धाराशिव ते मुंबई अंतरही साधारण चारशे किलोमीटरच आहे. किलोमीटरला एक बैल लावला असता तरी आमची फाइल एव्हाना मंत्रालयात पोचली असती, हत्ती सोडूनच द्या. तीच तोफ 1854 साली लिलावात दीडशे रुपयांना गेली होती, मग इंग्रज साहेबांनी सौदा रद्द केला. निदान कुणीतरी दीडशे रुपये बोलला तरी. आमच्याकडे उरलेल्या तोफा आणि गोळ्यांवर कुणी बोलीसुद्धा लावत नाही.

2025 साली युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. आनंदच झाला, आम्हीही पेढे वाटले. पण भुईकोटाला कडा नाही, पोवाडा नाही, वर चढून सेल्फी काढावा असं टोक नाही. त्यात मशीद आहे, तिच्यात देवळाचे खांब आहेत, शेजारी नरसिंहाचं देऊळ आहे. म्हणजे कोणत्याच पक्षाला सरळ घोषणा देता येत नाही. अशी वास्तू कुणाच्याच कामाची नसते. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा पाट्या बघता बघता रंगल्या, तेव्हा रंग होता, माणसं होती, निधीही होता. किल्ल्याच्या दारात मात्र एकच पाटी : 'स्मारकाची नासधूस करणाऱ्यास शिक्षा होईल'. दर वर्षी नासधूस पाऊस करतो. त्याला पकडायला कुणाला पाठवताय?

2018 साली केंद्राने आमचा जिल्हा 'आकांक्षित' ठरवला. मागास म्हणायचं नाही म्हणून आकांक्षित. माझी आकांक्षा विचाराल तर त्या जिन्याच्या पायऱ्या, एक खरी माहिती देणारी पाटी आणि एक पगारी पहारेकरी. हे तिन्ही एखाद्या उद्घाटनाच्या मांडवाच्या खर्चात बसेल. मांडवाचे आकडे माझ्याकडे नाहीत, ते आपल्याकडे असतात.

आपला,
परंड्याचा एक निवृत्त मास्तर

ता.क. प्लास्टर पुढच्या महिन्यात निघेल. त्याच दिवशी दहा-बारा जुने विद्यार्थी आणि कोयते घेऊन मी जिन्यावरची घाणेरी काढायला जाणार आहे. संरक्षित स्मारकात हात लावला म्हणून अडवायला कुणी आलं, तर त्याला चहा पाजीन. आपल्या खात्याचा माणूस किल्ल्यात पाहून दोन वर्षं झाली.