कपाळावरची आठी

लष्कर, ग्वाल्हेर
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

देव पैगंबराशी बोलतो म्हणजे नेमकं काय, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा दुकानात गर्दी होती, म्हणून टाळलं.

आपले फॉल-पिकोवाले चाचा आठवतात? नजर पार मंदावलीय. सुईत दोरा हल्ली मीच ओवून देतो. परवा बस्त्याचं मोठं गिऱ्हाईक बसलेलं असताना ते हिशेबाला आले. माझ्या कपाळाला आठी पडली, "नंतर या" म्हणालो. आठी त्यांना दिसली नसणार. दुसऱ्या दिवशी घासमंडीत त्यांच्या घरी पैसे द्यायला गेलो, तर चहावर हाच विषय निघाला. मीच तुझा प्रश्न पुढे केला.

मक्केजवळच्या हिराच्या गुहेतली गोष्ट तुला ठाऊक आहे. इ.स. 610, देवदूत जिब्रील, "पढ" हा हुकूम, आणि थरथरत घरी येऊन "मला पांघरूण घाला" म्हणणारे मुहंमद. पुढे 23 वर्षं वही, म्हणजे देवाची वाणी, येत राहिली. कधी घंटेच्या नादासारखी. ती सगळ्यांत जड जाई, कडाक्याच्या थंडीतही कपाळाला घाम फुटे. मध्येच ती थांबली, तेव्हा ते कासावीस झाले. मग कुराणातली 93 वी सूरा, म्हणजे अध्याय, आली : तुझ्या रबने, देवाने, तुला सोडलेलं नाही.

पण चाचा रमले ते 80 व्या सूरेत. पैगंबर मक्केतल्या कुरैश टोळीच्या बड्या लोकांशी बोलत असताना इब्न उम्म मक्तूम हे अंध गृहस्थ मधेच काही विचारायला आले. पैगंबरांनी आठी घातली, तोंड फिरवलं. आंधळ्याला ती दिसणार कुठून? वरच्याला दिसली, आणि त्याने कान उपटले. (सुन्नी परंपरा असं सांगते, बरेच शिया भाष्यकार आठी दुसऱ्याच कुणाची मानतात.) आपल्याकडे भक्त विठोबाला खडसावतो, इथं उलटं. आणि ज्यांना बोल लागला त्यांनीच तो लोकांना म्हणून दाखवला. आजही नमाजात म्हणतात. मला तर हिराच्या गुहेपेक्षा हे जास्त पटतं.

पुढे मदिनेत पैगंबरांच्या बिलाल या सोबत्याबरोबर हेच अंध गृहस्थ अजान देत. रमजानमध्ये बिलालची अजान रात्र असतानाच होई, तेव्हा खाणं चालू ठेवायचं. यांची झाली की बंद. उजाडलेलं दिसायचं नाही, म्हणून "सकाळ झाली" असं कुणी सांगेपर्यंत ते थांबत.

हे सांगताना चाचा मजेत हसले. मी पैसे मोजून हातात ठेवले. आठीचं अजून बोललो नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा