दिव्यांग हक्कांचा पाठपुरावा आणि मानद समन्वयक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिव्यांग हक्क विकास कार्यक्रमासाठी तालुकावार मानद समन्वयक हवेत, अशी स्वयंसेवी संस्थांची निवेदने आपल्या दैनिकात अधूनमधून प्रसिद्ध होतात. ‘समाजसेवेची आवड’ ही त्यांतील पहिली अट असते आणि निवृत्त कर्मचाऱ्यांना प्राधान्य असते. पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर पूर्व विदर्भातील एका तालुक्यात मी हे काम स्वेच्छेने पाहतो आहे, आणि त्या अनुभवावरून या निवेदनांत जे लिहिलेले नसते ते आपल्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते. समन्वयक कशासाठी नेमायचा, हे संस्थेलाही आणि येणाऱ्या माणसालाही पुरेसे स्पष्ट नसते. त्यामुळे चांगली माणसे कंटाळून निघून जातात, आणि जी टिकतात त्यांच्यापैकी काही जण साहित्यवाटपाच्या कार्यक्रमांची व्यवस्था पाहण्यातच अडकून पडतात.

वाटपाला माझा विरोध नाही. ज्याला तीनचाकी सायकल मिळाली त्याचे जगणे सुकर होते, हे मी पाहिले आहे. मात्र वाटप एका दिवसात आटोपते, त्याला मंडप लागतो, पाहुणे लागतात आणि त्याचे छायाचित्र छापून येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने जे दिले ते असे एका दिवसात हाती पडत नाही. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्याने १९९५ च्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या सात प्रकारांचे एकवीस प्रकार केले, सरकारी नोकरीतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेले, आणि घरकुल, जमीनवाटप व दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा ठरवून देऊन त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य द्यायला सांगितले. यातील प्रत्येक तरतूद गावातल्या माणसापर्यंत पोचायची तर वाटेत अर्ज, दाखला, ठराव, नोंद आणि बँक खाते या पायऱ्या आहेत, आणि त्यांपैकी एक जरी अडली तरी माणूस तिथेच थांबतो. समन्वयकाची गरज आहे ती या पायऱ्यांवर, आणि ती वर्षाचे बारा महिने आहे.

पहिली पायरी प्रमाणपत्राची. ज्याला सगळे ‘यूडीआयडी कार्ड’ म्हणतात त्या वैश्विक ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मग ठरलेल्या वारी शासकीय रुग्णालयात तपासणीसाठी जायचे, अशी पद्धत आहे. ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असेल तर पांढरे, त्यापुढे पिवळे आणि ८० टक्क्यांपासून निळे कार्ड मिळते. बहुतेक योजनांचा दरवाजा उघडतो तो ४० टक्क्यांनाच. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात कर्णबधिर व्यक्तीला ‘बेरा’ ही श्रवणक्षमता मोजणारी चाचणी लागते, तिचे यंत्र जवळच्या रुग्णालयात नसते किंवा असले तरी ते चालवणारा नसतो, मग मोठ्या शहरातील वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी मिळते आणि मजुरी बुडवून तेवढ्या लांब जाणे घरच्यांना परवडत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या आईला मानसशास्त्रज्ञाच्या तारखेसाठी थांबावे लागते. आमच्याकडे तर शिबिराची तारीख ऐन भाताच्या रोवणीत पडली की अर्धे लोक येतच नाहीत, कारण त्या दिवसांत घरातला सोबत येऊ शकणारा प्रत्येक माणूस बांधीत चिखलात उभा असतो. शिबिराची तारीख रोवणीच्या आधी किंवा नंतर घ्या, एवढेच पत्र वेळेवर दिले तर येणाऱ्यांची संख्या वाढते. असे पत्र देणे, त्याची पोच घेणे आणि तारीख बदलली की गावोगाव कळवणे, हे समन्वयकाचे काम आहे.

आमच्या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांची अडचण आणखी निराळी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली, पण त्या वेळच्या नोंदीत सिकलसेलला जागाच नव्हती, आणि गावागावांत आजही जुनीच यादी पुढे चालवली जाते. रांगेत उभा असलेला असा तरुण धडधाकट दिसतो. दुखण्याचा झटका आला की तो आठवडाभर अंथरुणावरून उठू शकत नाही, हे टेबलापलीकडच्या माणसाला दिसत नाही, आणि ‘तुला काय झालंय?’ या प्रश्नाला चारचौघांत उत्तर देताना तो अवघडतो. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्तविकार कायद्याच्या एकवीस प्रकारांत आहेत, मात्र नोकरीतील ४ टक्के आरक्षण ज्या गटांना दिले आहे त्यांत ते नाहीत. समन्वयकाला हे आधीच ठाऊक हवे. कार्ड निघाले की नोकरी लागेल, अशी आशा एखाद्या घराला लावणे ही क्रूर गोष्ट आहे आणि उत्साही स्वयंसेवकांकडून ती सर्रास घडते.

कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या बाबतीत अडथळा आणखी पुढच्या पायरीवर असतो. प्रमाणपत्र असते, अनुदान मंजूर असते, पण बोटे झडलेली असल्यामुळे यंत्रावर ठसा उमटत नाही, आधार अद्ययावत होत नाही आणि पैसे खात्यात अडकतात. आमच्या तालुक्यात एक आजोबा सेवा केंद्रातल्या त्या छोट्या यंत्रावर आपला पंजा कधी आडवा, कधी उभा ठेवून पाहत होते आणि केंद्रचालक पोरगा दर वेळी ‘पुन्हा एकदा’ म्हणत होता. अशा व्यक्तींसाठी डोळ्याच्या बुबुळाची नोंद घेण्याची आणि ठसे नसल्याचा अपवाद नोंदवण्याची सोय आहे, हे त्या पोराला कोणी सांगितलेलेच नव्हते. समन्वयकाने ते त्याला सांगायचे, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तसेच परत पाठवले जात नाही ना, यावर लक्ष ठेवायचे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यातील अडचणी सर्वांना परिचित आहेत. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, हयातीचा दाखला, आधार जोडणी यांतले काही ना काही राहून जाते. दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला, ही समाधानाची बाब आहे. पण अनुदान वाढले की दलालाचाही भाव वाढतो. स्वयंसेवकाने इथे विशेष जपून राहावे असे मी म्हणेन. लोकांची मूळ कागदपत्रे स्वतःच्या पिशवीत घालून तहसीलमध्ये जाणारा माणूस, मग त्याचा हेतू कितीही स्वच्छ असो, गावाच्या नजरेत दलालासारखाच दिसू लागतो आणि लोकही आपले काम ‘भाऊंच्या ओळखीने’ झाले असे मानू लागतात. म्हणून आम्ही एक शिस्त ठेवली आहे. अर्ज ज्याचा त्याने द्यायचा, पोच ज्याची त्याच्याकडे राहायची, समन्वयकाने फक्त सोबत जायचे आणि अर्ज परत आला तर कारण लेखी मागायला सांगायचे. ‘उद्या या’ हे तोंडी उत्तर देणे सोपे असते. तेच लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा कारणच उरत नाही, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून नोकरी केलेली असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो.

आता ज्या विषयासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो, तो म्हणजे ग्रामपंचायतीचा ५ टक्के दिव्यांग निधी. महाराष्ट्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, गाळ्यांचे भाडे वगैरे. वित्त आयोगाचा निधी त्यात धरायचा नसतो. समजा एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न वर्षाला सहा लाख रुपये असेल, तर दिव्यांगांचा वाटा तीस हजार होतो. रक्कम मोठी नाही. पण ती गावातच जमा होते, गावातच खर्च व्हायची असते आणि तिचा हिशोब गावातच मागता येतो, म्हणून हक्काची सवय लावायला याहून चांगला विषय दुसरा नाही.

असे असूनही मार्च महिना आला की हा निधी घाईघाईने कशावर तरी खर्ची पडतो. एका गावात दिव्यांग निधीतून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या गेल्या आणि त्या ग्रामपंचायत कार्यालयातच मांडल्या गेल्या; त्या कार्यालयाला तीन पायऱ्या आहेत आणि रॅम्प नाही. सार्वजनिक इमारती पाच वर्षांच्या आत सुगम्य करण्याचे बंधन कायद्यात आहे, नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली, हे ओघाने सांगतो.

त्याच गावात पोलिओमुळे एक पाय अधू असलेली, शिवणकाम करणारी एक ताई १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आल्या. सभा कार्यालयाबाहेरच्या लिंबाखाली घ्यावी, असे पत्र त्यांनी आणि इतर दोघांनी आधीच दिलेले होते. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सचिव साहेब, गेल्या वर्षी घरपट्टी-पाणीपट्टी किती जमा झाली, तेवढं वाचून दाखवा.” सचिवांनी नोंदवही मागवली आणि आकडा वाचला. ताईंनी तो वहीच्या कागदावर उतरवून घेतला, शेजारच्या शाळकरी मुलाकडून पाच टक्के काढून घेतले आणि मग विचारले, “यातले खर्च किती झाले, आणि कोणाच्या नावावर?” पुढचा अर्धा तास कोणी मोबाइल पाहिला नाही. खर्चाची यादी सूचनाफलकावर लावावी आणि पुढील वर्षाचा खर्च दिव्यांगांच्या बैठकीत ठरवावा, असे दोन ठराव त्या सभेत झाले, आणि दुसऱ्या ठरावावर बोलणाऱ्यांत असेही लोक होते ज्यांनी ग्रामसभेत तोवर कधी तोंड उघडले नव्हते. मी मागच्या रांगेत बसून होतो. बोलायचा मोह मलाही झाला होता, कारण ग्रामपंचायतीचे सगळे नमुने मला पाठ आहेत. पण निवृत्त अधिकारी बोलू लागला की ती अधिकाऱ्यांची आपसातली चर्चा होते आणि ज्यांचा निधी आहे ते पुन्हा श्रोते होऊन बसतात.

यावरून माझे ठाम मत असे झाले आहे की समन्वयकाने आपली जागा दिव्यांग व्यक्तीसाठी मोकळी करायची, हे पहिल्या दिवसापासूनच ठरलेले असावे. निवृत्त कारकून, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका यांची या कामाला निश्चित गरज आहे, कारण फाइल कुठे अडते आणि कोणत्या शब्दांत विचारले म्हणजे हलते, हे त्यांना माहीत असते. ते ज्ञान त्यांनी प्रत्येक गावातल्या दोन-तीन दिव्यांगांना, आणि बौद्धिक दिव्यांगत्व असेल तिथे त्यांच्या पालकांना द्यावे आणि बाजूला व्हावे. कर्णबधिरांच्या बाबतीत हे अजून आम्हाला जमलेले नाही. सांकेतिक भाषा जाणणारा दुभाषी तालुक्यात मिळत नाही, घरच्यांच्या खाणाखुणांवर काम भागवावे लागते, आणि मग प्रश्न त्या व्यक्तीचा न राहता घरच्यांचा होतो. ज्या संस्थांकडे निधी आहे त्यांनी बॅनर आणि टोप्यांऐवजी दुभाष्याच्या प्रशिक्षणावर खर्च केला तर फार बरे होईल.

‘मानद’ या शब्दाआड संस्था आपला खर्च वाचवतात, हेही लिहिणे भाग आहे. माझे निवृत्तिवेतन आहे, मला चालते. पण पुढे ज्या दिव्यांग व्यक्तीने हे काम करायचे तिच्याकडे बहुधा निवृत्तिवेतन नसते. एसटीत ७५ टक्के सवलत असली तरी जिथे एसटी जात नाही अशा टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, जायला काळीपिवळी किंवा दुचाकी लागते, सोबतीला माणूस लागतो आणि त्याचीही मजुरी बुडते. प्रवासखर्च, सोबत्याचा खर्च, मोबाइलचा रिचार्ज आणि झेरॉक्स एवढे तरी संस्थेने दरमहा, मागावे न लागता द्यावे. दिव्यांगांच्या हक्कासाठी दिव्यांगानेच पदरमोड करायची, ही अपेक्षा मला अजिबात पटत नाही.

ज्या वाचकांना अशा निवेदनाला प्रतिसाद द्यावासा वाटत असेल त्यांनी अर्ज करण्यापूर्वी संस्थेला काही गोष्टी विचाराव्यात. कामाच्या आखणीत दिव्यांग व्यक्ती किती आहेत आणि त्यांना निर्णयात स्थान आहे का? समन्वयकाच्या नावाचे पत्र गटविकास अधिकारी, तहसीलदार आणि रुग्णालय यांना संस्था देणार आहे का? कारण त्याशिवाय दारातच अडवले जाते. एखाद्या कार्यालयाविरुद्ध तक्रार करण्याची वेळ आली, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयापर्यंत ती नेण्याची संस्थेची तयारी आहे, की ‘संबंध बिघडतील’ म्हणून समन्वयकालाच गप्प बसवले जाईल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर त्या संस्थेकडे वाटपाच्या दिवशी मदतीला अवश्य जावे, समन्वयकपद मात्र घेऊ नये.

आमच्या तालुक्याचे काम येत्या एप्रिलपासून दोन दिव्यांग कार्यकर्ते सांभाळणार आहेत आणि त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद संस्थेने लेखी मान्य केली आहे. शेजारच्या तालुक्यांत माणसे हवी आहेत. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीची आहे. तोवर ज्यांना या कामात उतरायचे असेल त्यांनी निदान आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन गेल्या वर्षीचे स्वउत्पन्न आणि दिव्यांग निधीचा खर्च, हे दोन आकडे लेखी मागून ठेवावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विस्तार अधिकारी, पूर्व विदर्भ